आवार एक, हिशेब दोन

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला ज्यांनी कधी हजेरी लावली असेल, त्यांना हे प्रश्न परिचयाचे असतील. तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टचे पैसे का द्यावेत? दोन खोल्यांच्या आणि चार खोल्यांच्या सदनिकेला पहारेकऱ्याचा खर्च सारखाच का? सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनी या वादांना उत्तर देऊन ठेवले आहे. सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला समान, पाण्याचा आकार नळजोडांची संख्या व आकार पाहून, दुरुस्ती निधी बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात, गाडी उभी करण्याचे शुल्क वेगळे. या वाटणीने सगळ्यांचे समाधान होते असे नाही. परंतु भांडायला हाती एक कागद तरी असतो.

दोन महाविद्यालये एकाच आवारात नांदत असतील, तर असा कागद कुणाच्या हाती असतो?

हा प्रश्न आता केवळ कुतूहलापुरता राहिलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान, एकशाखीय महाविद्यालये मागे टाकून तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या बहुशाखीय संस्था आणि संस्थासमूह उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्रात समूह विद्यापीठांचा प्रयोग त्याच्या थोडा आधीच सुरू झाला होता. विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय यांचे मिळून २०१९मध्ये मुंबईत डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. २०२०मध्ये के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचे एचएसएनसी विद्यापीठ आले. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांतून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ उभे राहिले. या सर्व धोरणामागे एक गृहीतक आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान, कार्यालय आणि शिक्षक यांचा सामायिक वापर झाला, तर पैसा वाचतो आणि दर्जाही वाढतो.

गृहीतक चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. वाचलेला पैसा कुणाचा वाचला आणि उरलेला खर्च कुणी उचलला, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. ती जिथे कायद्यानेच अपरिहार्य ठरली, अशा एका ठिकाणाकडे पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरेल. हे ठिकाण अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहराच्या उत्तरेस आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनमुळे त्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती बरीच वाढली असल्याने बोथेल हे गाव पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांना अगदीच अनोळखी नसेल.

बोथेलच्या एका आवारात दोन संस्था आहेत. एक आहे वॉशिंग्टन विद्यापीठाचे बोथेल येथील उपकेंद्र. सिएटलमधील प्रख्यात संशोधन विद्यापीठाची ही शाखा. दुसरी कॅस्केडिया महाविद्यालय ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी, अल्प शुल्काची सरकारी संस्था. तिकडे अशा संस्थांना सामुदायिक महाविद्यालये म्हणतात. दोन्ही संस्था राज्य सरकारच्या, पण मालकाचे घर एक असले तरी कारभारी वेगवेगळे. विद्यापीठाचा कारभार त्याचे नियामक मंडळ पाहते. कॅस्केडियाचे पाच विश्वस्त राज्यपाल नेमतात आणि राज्यातील सामुदायिक व तंत्र महाविद्यालयांच्या मंडळाशी ते बांधलेले असते. अनुदान वेगळ्या शीर्षाखाली, शुल्क वेगळे, शिक्षकांच्या सेवाशर्ती वेगळ्या. एकाच पटांगणाच्या दोन बाजूंना बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे वार्षिक शिक्षण शुल्क दुसऱ्याच्या निम्म्याहून बरेच कमी असते.

हे असे का घडले, यामागे आकांक्षेपेक्षा काटकसर अधिक आहे. १९८९मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने आपल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पाच शाखा काढण्याचा निर्णय घेतला. या शाखांत पदवीची केवळ तिसरी व चौथी वर्षे आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवायचे, पहिली दोन वर्षे विद्यार्थ्यांनी सामुदायिक महाविद्यालयांत काढायची, अशी योजना होती. बोथेलची शाखा १९९०मध्ये एका उद्योगसंकुलातल्या भाड्याच्या जागेत सुरू झाली. त्याच सुमारास सिएटलच्या उत्तरेकडील लोकवस्ती झपाट्याने वाढत होती आणि तिथे सामुदायिक महाविद्यालयाचीही मागणी होती. दोन संस्थांसाठी दोन जागा, दोन ग्रंथालये, दोन रस्ते बांधण्याऐवजी १९९४मध्ये विधिमंडळाने नवे महाविद्यालय स्थापन करून ते विद्यापीठाच्या शाखेच्या शेजारी नव्हे, तर तिच्याच आवारात वसवण्याचे ठरवले. गुरांच्या एका जुन्या कुरणावर २०००मध्ये हे संयुक्त आवार सुरू झाले.

इमारतींची नावेच पाहिली तरी मांडणी कळते. यूडब्ल्यू १, यूडब्ल्यू २ या विद्यापीठाच्या. सीसी १, सीसी २ या कॅस्केडियाच्या. आणि ग्रंथालयाची इमारत दोघांची. ग्रंथालय विद्यापीठाच्या ग्रंथालय विभागाकडून चालवले जाते. आवाराची देखभाल आणि सुरक्षा ही जबाबदारीही मुख्यत: विद्यापीठाची यंत्रणा पाहते. कॅस्केडिया त्यात आपला वाटा उचलते आणि ही देवाणघेवाण दोन संस्थांमधील लेखी करारांनी बांधलेली असते. येथवर सारे सरळ वाटते. खरी गंमत वाटा ठरवताना सुरू होते.

आवारातल्या पाणथळ जागेचेच उदाहरण घ्या. एकूण सव्वाशेहून अधिक एकर जमिनीपैकी ५८ एकर पाणथळ आहे. तिथून वाहणारा नॉर्थ क्रीक हा ओढा गुरांच्या कुरणासाठी पूर्वी सरळ चरासारखा करून टाकलेला होता. बांधकामामुळे काही पाणथळ भाग बुजणार होता. त्याची भरपाई म्हणून ओढ्याला पुन्हा वळणे देण्यात आली, पूरमैदान पूर्ववत करण्यात आले, हजारो झाडे-झुडपे लावण्यात आली. आज हिवाळ्यातल्या संध्याकाळी हजारो कावळे तिथे मुक्कामाला येतात. त्यांची संख्या सोळा हजारांपर्यंत जाते असे सांगतात. हे दृश्य पाहायला लोक मुद्दाम जातात. आता या ५८ एकरांच्या निगराणीचा खर्च कुणाचा? विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटावा, तर ओढ्याला विद्यार्थिसंख्येशी देणेघेणे नाही. इमारतींच्या क्षेत्रफळानुसार वाटावा, तर ज्या बांधकामामुळे ही भरपाई करावी लागली ते दोघांसाठी एकदमच झालेले. आणि ओढा एखाद्या वर्षी विद्यार्थी कमी झाले म्हणून आपली निगा कमी मागत नाही. सामायिक खर्चाचा हा सर्वांत प्रामाणिक नमुना म्हणावा लागेल. तो कुणा एकाचा नसतो, म्हणून तो वाटताना कोणतेही सूत्र पूर्ण न्याय्य ठरत नाही.

सूत्र कोणते निवडले यावर किती फरक पडतो, हे एका काल्पनिक हिशेबाने समजू शकेल. समजा, मोठ्या संस्थेत चार हजार आणि लहान संस्थेत दोन हजार विद्यार्थी आहेत आणि आवाराच्या सुरक्षेवर वर्षाला नव्वद लाख रुपये खर्च होतात. विद्यार्थिसंख्येने वाटणी केली तर लहान संस्थेवर तीस लाखांचा बोजा येईल. इमारतींच्या क्षेत्रफळाने वाटायचे ठरवले आणि ते प्रमाण तीनास दोन असले, तर तिच्यावर छत्तीस लाख येतील. सहा लाखांचा हा फरक मोठ्या संस्थेच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही. लहान संस्थेत त्यात दोन कारकून येतात. आता मोठी संस्था वाढली. तिचे विद्यार्थी आठ हजार झाले, लहानीचे दोन हजारच राहिले. सूत्राप्रमाणे लहानीचा हिस्सा तिसऱ्यावरून पाचव्या भागावर आला. कागदावर हा तिचा फायदा. परंतु आवार मोठे झाले, रात्रपाळी वाढली, कॅमेरे आले, आणि सुरक्षेचा खर्च नव्वद लाखांवरून दीड कोटीवर गेला. दीड कोटीचा पाचवा भाग पुन्हा तीस लाखच. एकही विद्यार्थी न वाढवता लहान संस्था पूर्वीइतकेच पैसे भरत राहते आणि मोठ्या संस्थेच्या वाढीचा भार किंचित का होईना वाहते. टक्केवारी पाहणाऱ्याला हे दिसत नाही. रक्कम पाहणाऱ्याला दिसते.

हा हिशेब काल्पनिक असला तरी वाढीचा भाग काल्पनिक नाही. बोथेलमध्ये नेमके तेच झाले. पहिली काही वर्षे दोन संस्थांच्या आकारात आजच्याएवढे अंतर नव्हते आणि त्यांच्या कामांची विभागणीही स्वच्छ होती. पहिली दोन वर्षे कॅस्केडियाची, पुढची दोन विद्यापीठाची. विद्यार्थ्याने दोन वर्षे अल्प शुल्कात काढायची, सहयोगी पदवी घ्यायची आणि पटांगण ओलांडून समोरच्या इमारतीत जायचे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क न भरता सामुदायिक महाविद्यालयाचे विषय घेता येतात, अशी त्या राज्याची 'रनिंग स्टार्ट' नावाची योजनाही आहे. तिचा लाभ घेणाऱ्या मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षीच विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसण्याची सवय लागते. एका आवाराचा एवढा सुरेख उपयोग क्वचितच पाहायला मिळेल.

परंतु २००५मध्ये विधिमंडळाने शाखांना पहिल्या वर्षापासून प्रवेश देण्याची मुभा दिली आणि २००६च्या शरद सत्रात बोथेलच्या विद्यापीठात बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. त्यानंतरच्या दशकात विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या तिपटीच्या आसपास गेली. आज ती सहा हजारांच्या घरात आहे. कॅस्केडियाची साधारण तिच्या निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या बाजूने कॅस्केडियानेही पाऊल पुढे टाकले. त्याने निवडक विषयांत चार वर्षांची उपयोजित पदवी सुरू केली आणि नावातला 'सामुदायिक' हा शब्द काढून टाकला. ज्या रेषेवर दोघांचे शेजारपण उभे होते, ती रेष दोन्ही बाजूंनी पुसट झाली. बारावी झालेली मुलगी आता फाटकातून आत शिरताना उजवीकडे वळायचे की डावीकडे, हे ठरवू शकते. तिने उजवीकडे वळावे असे एका शेजाऱ्याला वाटते, डावीकडे वळावे असे दुसऱ्याला.

येथे खर्चवाटपाच्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. कामे परस्परपूरक होती तोवर सामायिक ग्रंथालयावर खर्च केलेला प्रत्येक डॉलर दोघांच्याही उपयोगाचा होता. कॅस्केडियातील विद्यार्थी चांगला तयार झाला तर तो पुढे विद्यापीठाचाच विद्यार्थी होणार होता. स्पर्धा सुरू झाल्यावर तोच डॉलर प्रतिस्पर्ध्याच्या सोयीसाठीही खर्च होऊ लागतो. बोथेलमध्ये यावरून जाहीर भांडणे झाली असे नव्हे. दोन्ही संस्थांचे विद्यार्थी आजही एकाच वाचनगृहात बसतात. २०१७मध्ये आवाराचा बृहत् आराखडाही दोघांनी मिळूनच केला. त्यात दहा हजार विद्यार्थ्यांपर्यंतच्या वाढीची कल्पना आहे. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या दोघांपैकी एक वाढत असेल आणि दुसरा नसेल, तर करार बदलण्याची घाई कुणाला आणि तो टिकवण्याची इच्छा कुणाला, हे सांगायला जाणकार लागत नाही.

दर्जाचा मुद्दा याहून नाजूक आहे. संशोधन विद्यापीठाला ज्या प्रतीचे ग्रंथालय लागते, तेवढे दोन वर्षांच्या महाविद्यालयाला स्वत:च्या बळावर कधीच परवडले नसते. कॅस्केडियाच्या विद्यार्थ्याला ते शेजाराने मिळते. हा लाभ निर्विवाद आहे आणि तो लहान भागीदाराच्याच पदरात अधिक पडतो. पण तराजूचे दुसरे पारडेही आहे. सेवा ज्याची यंत्रणा देते, दर्जाही तोच ठरवतो. पहारेकऱ्याचे वेतन, माळ्यांची संख्या, संगणकजाळ्याचा वेग हे सारे मोठ्या संस्थेच्या वेतनश्रेणी आणि गरजांप्रमाणे ठरते. लहान संस्थेने वेगळ्या शीर्षाखाली मिळणाऱ्या आपल्या मर्यादित अनुदानातून त्याचा वाटा उचलायचा असतो. मध्यमवर्गीय कुटुंब उच्चभ्रू संकुलात राहायला गेले की घर परवडते, देखभाल खर्च परवडत नाही, तसे हे. तरणतलाव सुंदर आहे, पण तो नको होता असे म्हणण्याची सोय नसते.

२०२०च्या महासाथीने सूत्राचा आणखी एक दुबळेपणा उघडा पाडला. वर्ग ऑनलाइन गेले. पटावर नाव असलेला विद्यार्थी आवारात येईनासा झाला. विद्यार्थिसंख्येवर आधारलेल्या कोणत्याही वाटणीत तो विद्यार्थी मोजला जातो. पण तो दिवे वापरत नाही, गाडी उभी करत नाही, जिना झिजवत नाही. टाळेबंदी संपली तरी ऑनलाइन वर्ग संपूर्णपणे संपलेले नाहीत. तेव्हा 'विद्यार्थी' म्हणजे पटावरचा की फाटकातून आत आलेला, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक करारात राहणार.

एवढी कटकट करण्यापेक्षा दोन्ही संस्था एक करून टाकाव्यात, हा विचार अर्थातच कुणाच्या तरी मनात यायचाच. २००८नंतरच्या मंदीत राज्याच्या तिजोरीला ओढ लागली, तेव्हा कॅस्केडिया विद्यापीठात विलीन करण्याचा प्रस्ताव विधिमंडळात पुढे आला होता. तो तडीस गेला नाही. विलीनीकरणाने काही कार्यालये आणि काही पदे वाचली असती, हे मान्य करावे लागेल. परंतु अल्प शुल्कात, प्रवेशपरीक्षेच्या चाळणीविना प्रवेश देणारी संस्था त्यात विरघळून गेली असती, तर बचतीची किंमत ज्यांना मोजावी लागली असती ते सभागृहात बसलेले नव्हते. रात्रपाळी करून शिकणारा, नोकरी गमावून पुन्हा वर्गात आलेला, इंग्रजी नव्याने शिकणारा स्थलांतरित असे विद्यार्थी सामुदायिक महाविद्यालयांत येतात. हिशेबवहीच्या बचतीच्या रकान्यात यांचे नाव कुठेच येत नाही.

त्याऐवजी बोथेलने दुसरी दिशा घेतली. २०२३मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठी 'इनोव्हेशन हॉल' ही इमारत तिथे सुरू झाली. तिच्यातील वर्ग आणि प्रयोगशाळा दोन्ही संस्थांनी मिळून वापरायच्या आहेत. म्हणजे यूडब्ल्यू आणि सीसी या दोन आद्याक्षरांच्या मधली भिंत शिक्षणाच्या बाबतीतही थोडी खाली आली. हिशेब मात्र दोनच राहिले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. दोन वेगळे खिसे असल्यामुळे बोथेलमध्ये प्रत्येक गोष्ट लिहावी लागते. फाटकाचा खर्च, ग्रंथालयाचा खर्च, बर्फ काढण्याचा खर्च. लिहिलेले वाचता येते, वाचलेल्यावर वाद घालता येतो.

आता आपल्याकडे वळू. माटुंग्यात रुईया आणि पोदार ही शिक्षण प्रसारक मंडळीची दोन महाविद्यालये शेजारीशेजारी आहेत. विलेपार्ल्यात मिठीबाई आणि नरसी मोनजी आहेत. राज्यातील बहुतेक शहरांत हेच चित्र दिसते. एक शिक्षणसंस्था, एक आवार आणि त्यात शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, वरिष्ठ महाविद्यालय, व्यवस्थापनशास्त्राची संस्था, क्वचित अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय. देणगीदाराने शंभर वर्षांपूर्वी दिलेल्या जमिनीवर हे सारे उभे आहे आणि त्यातल्या अनेक संस्थांनी पिढ्या घडवल्या आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु इथे मालक एकच असल्यामुळे दोन महाविद्यालयांत वाटाघाट होत नाही. वाटाघाट नाही म्हणून करार नाही, आणि करार नाही म्हणून वाचायला काही नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या पैशाची पावती कोण फाडतो?

अडचण अशी, की हे खिसे दिसायला एकाच कोटाचे असले तरी त्यांत पैसा येतो वेगवेगळ्या ठिकाणाहून. अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पदांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्याकडून येते. त्याच इमारतीत दुपारनंतर भरणाऱ्या बीएमएस किंवा बीसीएच्या विनाअनुदानित वर्गाचा खर्च त्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून येतो. दोन्ही वर्गांसाठी फाटकावर उभा राहणारा पहारेकरी एकच, वीजजोडणी एकच, मालमत्ता कर एकच, ग्रंथपाल पुष्कळदा एकच. या एकाच माणसाचा पगार कोणत्या वहीत किती लिहायचा, हे व्यवस्थापनाने ठरवले की ठरले. ते प्रामाणिकपणे ठरवणाऱ्या संस्था आहेतच. पण त्या प्रामाणिक आहेत हे बाहेरच्याला कळण्याची सोय नाही, आणि हे त्यांच्यावरही अन्यायाचेच आहे.

व्यावसायिक महाविद्यालयांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट पालकांच्या बँक खात्याशी येऊन भिडतो. २०१५च्या कायद्यानुसार राज्यातील विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि त्यासाठी संस्थेने दाखवलेला खर्च हा मुख्य आधार असतो. एका आवारात चार महाविद्यालये असतील, तर मैदान, रस्ते, जनरेटर, सभागृह यांच्या खर्चातला किती भाग अभियांत्रिकीच्या वहीत गेला आणि किती कनिष्ठ महाविद्यालयाच्या, यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे शुल्क अवलंबून राहते. बोथेलमध्ये ज्या सूत्रावर दोन संस्था टेबलाच्या दोन बाजूंना बसून घासाघीस करतात, ते सूत्र इथे एकच लेखापाल एका दुपारी ठरवू शकतो. प्राधिकरणापुढे प्रत्येक महाविद्यालयाचे लेखे येतात. पण संपूर्ण आवाराचा एक हिशेब मांडून त्याची वाटणी कोणत्या सूत्राने केली, हे पालकांपुढे सोप्या भाषेत क्वचितच येते.

थोडे वैयक्तिक विषयांतर. पत्रकारितेच्या पदविकेसाठी प्रस्तुत प्रतिनिधी ज्या इमारतीत जात असे, तिथे आमचे वर्ग संध्याकाळी भरत. इमारत एका मोठ्या महाविद्यालयाची, आमचा अभ्यासक्रम त्याच संस्थेचा पण वेगळा. शुल्काच्या पावतीवर ग्रंथालयाचा रकाना होता आणि तो भरलेला होता. ग्रंथालय साडेपाचला बंद होई आणि आमचा वर्ग सहाला सुरू होई. एकदा आम्ही काही जण विचारायला गेलो, तेव्हा खिडकीमागच्या वयस्कर लिपिकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, "अहो, ग्रंथालय त्यांचं आहे." मग पावती कुणाची, असे विचारण्याचे धाडस तेव्हा झाले नाही. त्या लिपिकांचा काही दोष नव्हता. त्यांच्याकडे वाचून दाखवायला कोणताही कागद नव्हता.

समूह विद्यापीठांमुळे हा जुना प्रश्न नव्या रूपात समोर येणार आहे. मुंबईच्या होमी भाभा विद्यापीठातील घटक महाविद्यालये सगळी एका कुंपणात नाहीत. काळा घोडा आणि चर्चगेट यांत चालण्याचे अंतर आहे आणि प्रत्येक इमारतीचे वय, दुरुस्तीची गरज, प्रयोगशाळांची भूक वेगळी आहे. विज्ञान शिकवण्यापेक्षा वाणिज्य शिकवणे स्वस्त असते, हे कुणीही प्राचार्य सांगतील. मग वाणिज्याच्या विद्यार्थ्याकडून येणाऱ्या शुल्काने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा भार उचलायचा का? बहुशाखीय विद्यापीठ या कल्पनेचे उत्तर 'हो' असे आहे, आणि माझेही तेच आहे. विद्यापीठ म्हणजे वेगवेगळ्या दुकानांचा बाजार नव्हे. परंतु त्या 'हो'ची रक्कम किती, ती कुणी मान्य केली आणि पाच वर्षांनी तिचा फेरविचार कोण करणार, हे आधी लिहिलेले असावे लागेल. घटक महाविद्यालयांपैकी एक वाढले आणि दुसरे आक्रसले की काय होते, हे बोथेलने २००६नंतर पाहिले आहे. आपल्याकडे मुख्य महाविद्यालय आणि बाकीची महाविद्यालये अशी उतरंड पहिल्या दिवसापासूनच असणार.

यावर उपाय म्हणून नवे प्राधिकरण नेमण्याची आवश्यकता आहे असे वाटत नाही. प्राधिकरणांची आपल्याकडे वाण नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार खात्याने जसे आदर्श उपविधी केले, तसे सामायिक आवारांसाठी उच्च शिक्षण विभागाला एक साधे वाटपपत्रक करता येईल. पहारा, वीज, पाणी, मालमत्ता कर, ग्रंथालय, मैदान, मोठी दुरुस्ती अशी सात-आठ शीर्षे. प्रत्येकासमोर वाटणीचा निकष. आणि त्याखाली आवारातील प्रत्येक महाविद्यालयाच्या वाट्याला आलेली रक्कम. शीर्षानुसार निकष वेगळा असायला हरकत नाही. ग्रंथालय पटावरील संख्येने वाटता येईल, वीज मीटरने, दुरुस्ती क्षेत्रफळाने. हे पत्रक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात शुल्काच्या तक्त्याशेजारी छापायला अर्धे पान लागेल.

अकरावी आणि पदवीच्या प्रवेशांच्या दिवसांत पालक माहितीपत्रकाची पाने उलटतात. वसतिगृह आहे का, व्यायामशाळा आहे का, संगणक किती, हे पाहतात. त्यातल्या अनेक सुविधांपुढे 'सामायिक' असा एक शब्द बारीक टाइपात छापलेला असतो. शुल्काच्या तक्त्यात त्या सुविधांचे पैसे मात्र पूर्ण आकारलेले असतात.